पहिल्या तावावरच्या दोन सह्या

३ फेब्रुवारी

काकू,

नमस्कार. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याचा तुम्ही अंदाज करता, म्हणून हे सगळं लिहूनच पाठवते आहे. बाबा म्हणाले, तूच लिही, माझं अक्षर त्यांना लागत नाही. खरं म्हणजे त्यांना या विषयाचा कंटाळा आला आहे. मलाही आला आहे, पण माझ्या कंटाळ्याला कोणी विचारत नाही.

कर-कार्यालयातून पत्र आलं आहे. गेल्या सहा वर्षांत आमच्या कंपनीने सीमेपलीकडे तुमच्या कंपनीला रोलर विकले असं आम्ही कागदोपत्री दाखवत आलो. त्या रोलरच्या किमती त्यांनी एकाखाली एक मांडल्या आहेत. एकाच मापाचा, एकाच रबराचा रोलर. एका वर्षी चारशेला, एका वर्षी नव्वदला, आणि तीन यंत्रं परत आली त्या वर्षी शून्याला. खाली एकच ओळ आहे: हे कसे, ते कळवावे.

कसे ते आपल्याला माहीत आहे. बाबा रोलरवर रबर चढवतात. तुमच्याकडे यंत्राचा सांगाडा आणि दातेरी चाकं दुरुस्त होतात. जुनं छपाईयंत्र दोघांनी मिळून विकत घ्यायचं, मिळून उभं करायचं, तिसऱ्याच कुठल्या देशातल्या छापखान्याला विकायचं, आणि उरेल ते निम्मं-निम्मं. बुडालं तरी निम्मं-निम्मं. करार काका आणि बाबांनी कधी केला नाही. यंत्र विकलं गेलं की रोलरची किंमत मागाहून अशी लिहायची, की दोन्हीकडे बरोबर निम्मं पोचेल. गेली चार वर्षं ही किंमत मीच काढते आहे. मी हे काम घरातच शिकले, बाबांच्या शेजारी बसून. त्यामुळे बाहेरच्या जगात वस्तूची किंमत वस्तू विकायच्या आधी ठरते, हे मला फार उशिरा कळलं.

तिथल्या साहेबांना भेटून आले. वाईट माणूस नाही. टेबलावर कागदांच्या इतक्या चळती आहेत, की त्यांनी खिडकी अर्धी लावून ठेवली आहे. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. यंत्र घ्यायचं की नाही, हे कोण ठरवतं? आणि बुडालं तर कोणाचं बुडतं? मग म्हणाले, विक्री असेल तर विक्री म्हणा, दोघांचा मिळून एक धंदा असेल तर तसं म्हणा. दोन्हीचा कर वेगळा. फक्त सोयीप्रमाणे आज हे आणि उद्या ते, असं चालत नाही.

एकतीस मार्चपर्यंत लेखी निवेदन द्यायचं आहे. मागच्या वर्षीपासून कंपनीच्या कागदांवर सही माझी असते, तेव्हा यावरही माझीच असणार. काकू, मी काय लिहू? बाबा म्हणतात, काकू सांगतील ते लिही.

तुमची लेकीसारखी


१६ फेब्रुवारी

टाचणी,

दोन कागदांना तीन टाचण्या लावल्या आहेस. पाकीट उघडताना बोटाला टोचली. तुझ्या बाबांनी तुझं नाव उगाच नाही ठेवलं.

काय लिहायचं ते सांगते, आणि त्यावर निबंध नको. तुम्ही रोलर विकता, आम्ही विकत घेतो. किंमत बदलली, कारण रबराचा दर्जा बदलत गेला. पूर्णविराम.

आमच्या हिशेबनीसांना मी सुस्कारे म्हणते, कारण ते आधी सुस्कारा टाकतात आणि मग बोलतात. तुझं पत्र वाचून त्यांनी दोन टाकले. ते म्हणतात, हा दोघांचा एकत्र धंदा आहे असं तुम्ही लिहून दिलंत, की तुमच्या आवारातली मागची शेडही त्यात आली. नऊ वर्षं माझे दोन फिटर तिथे बसून शेवटची जुळणी करतात. म्हणजे तुमच्या देशात माझ्या कंपनीचं कायमचं ठिकाण झालं. मग तुमचं कार्यालय माझ्याकडून सगळ्या वर्षांचा कर मागणार. तो मी इकडे एकदा भरून बसले आहे. एकाच कमाईवर दोन दारांत उभं राहायचं. सुस्काऱ्यांनी आकडा काढून दाखवला. तो भरायचा तर कंपनी विकावी लागेल, आणि माझ्याकडे अकरा माणसं आहेत.

करार कधी केला नाही, असं लिहितेस. तुझे काका आणि तुझे बाबा एकाच कारखान्यात उमेदवारी करत होते तेव्हापासूनची गोष्ट. कराराचं काढलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, असं दोघांनाही वाटत राहिलं. दुसऱ्याला काही वाटलं नसतं. पण विचारलं कोणी?

तुझ्या सहीची तुला फार काळजी. सही म्हणजे चार वळणं, बाई. दे आणि मोकळी हो.

काकू


२ मार्च

काकू,

तुम्ही सांगितलंत तसं निवेदन मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा रबराच्या वाक्यापाशी अडले.

रबर बदललेलं नाही. एकोणीस वर्षं एकाच व्यापाऱ्याकडून येतं, त्याच निळ्या पिंपांतून. त्याची बिलं आमच्याच कपाटात आहेत. मी बाबांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं आणि म्हणाले, रबराला ऐकू येत नाही तेच बरं. एवढं बोलून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मी दोन दिवस त्यांच्यामागे फिरले. शेवटी म्हणाले, माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईंची अकरा माणसं आहेत आणि तूही आहेस, मला निवडायला लावू नकोस. म्हणजे निवडायचं मी.

मला लहानपणी शाळेत घातलं नव्हतं, तुम्हाला आठवत असेल. दहा वर्षांची होईपर्यंत आईनेच शिकवलं. चुकलेलं उत्तर ती खोडू द्यायची नाही, एक आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर उत्तर लिहायचं. वही भरली की रेघाच रेघा. बाकीच्या मुलांना शाळेत थोडंफार खपवून न्यायला शिकवत असावेत. माझा तेवढा धडा राहिला.

एक विचारायचं आहे. यंत्र उभं राहून पहिला स्वच्छ ताव छापून आला, की त्यावर दोन्ही कंपन्यांच्या मालकांनी सही करायची, आणि दोन सह्या झाल्याखेरीज यंत्र पेटीत घालायचं नाही. असे एक्केचाळीस ताव बाबांनी नकाशाच्या खणात जपून ठेवले आहेत. आधी काकांच्या सह्या, नंतर तुमच्या. एकावर तर बाबांनी पेनाने लिहिलंय, बुडालं तर दोघांचं. असा एखादा ताव कोणी पाहिला, तर त्याला काय वाटेल? रोलर विकत घेणारं गिऱ्हाईक अशी सही करतं का?

मी रात्रंदिवस हाच विचार करते असं समजू नका. जेवते आहे वेळेवर.

टाचणी


१४ मार्च

टाचणी,

ते ताव माझ्याकडे पाठवून दे. सगळेच्या सगळे, रजिस्टर टपालाने.

तुझ्या काकांच्या हाताचं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही. ते भिंतीला खिळा ठोकायचे तोही दुसऱ्याकडून. म्हणून मागते आहे. बाकी तुला जो अर्थ काढायचा असेल तो काढ.

आणि निवेदनाचं लांबवू नकोस. रबराचं जमत नसेल, तर बाजारभाव बदलला असं लिही. बाजाराला जाऊन कोणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मोठा फिटर तुमच्याकडून सुट्टीवर आला होता. म्हणाला, बाईसाहेब, ती मुलगी हल्ली शेडमध्ये येते, आमच्या हत्यारांकडे बघत उभी राहते आणि काही न बोलता जाते. त्यांना घाबरवू नकोस. त्यांची मुलं शाळेत आहेत.

काकू


२४ मार्च

काकू,

सगळे ताव पाठवता येणार नाहीत. इथे चाळीस आहेत. एक कर-कार्यालयात आहे, दोन फेब्रुवारीपासून. म्हणजे मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवसापासून.

साहेबांनी पहिल्या भेटीत करार मागितला होता. मी म्हटलं, करार नाही. ते खरं होतं. पण घरी येईपर्यंत मला वाटायला लागलं, की खरं असलं तरी ते पुरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पिंपं उतरवून घेत होते, तेव्हा मी खणातला एक ताव काढला, गुंडाळी केली आणि घेऊन गेले. त्यांनी तो टेबलावर पसरला. जागा नव्हती, म्हणून एक कोपरा मी धरला आणि एक त्यांनी. सह्यांकडे त्यांनी नंतर पाहिलं. आधी तावावर छापलेल्या माशांच्या चित्रावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, चारी रंग जागच्या जागी बसलेत की. मग खाली वाचलं. माझ्याकडे बघितलं. हा तुम्ही स्वतःहून आणला आहे, असं मी लिहून ठेवतो, म्हणाले.

हे मी तुमच्यापासून लपवलं. आधीच दाखवून आले होते आणि वर तुम्हाला विचारत होते की काय लिहू. मला वाटलं होतं, तुम्हीही खरंच लिही म्हणाल, आणि मग मला हे सांगावंच लागणार नाही.

आता दुसरी गोष्ट. परवा साहेबांनी मला बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. दोन देशांची कर-कार्यालयं एकमेकांना माहिती देतात, तसा तो तुमच्या देशातून आला आहे. तीन यंत्रं परत आली त्या वर्षीचं काकांचं निवेदन. त्यात लिहिलंय, हा दोन कंपन्यांचा मिळून धंदा आहे, आणि त्यातल्या नुकसानाचा निम्मा वाटा आमचा. त्या वाट्याइतका कर तुमच्याकडे माफ झाला होता. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही आहे. ती तुमचीच आहे, मी खणातल्या कितीतरी तावांवर पाहिली आहे.

साहेबांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “बुडालं तेव्हा भागीदारी आणि कमावलं तेव्हा विक्री. आता मी तुम्हाला काय समजू?”

काकू, तुम्ही मला जे लिहायला सांगत होता, त्याच्या उलट तुम्ही लिहून दिलेलं होतं. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, की आणखी वाईट, तेही ठरवता येत नाही.

तीस तारखेला मी खरं काय ते लिहून सही करणार आहे. तुमचं उत्तर तोवर पोचणार नाही, हे धरूनच हे पत्र टाकते आहे. त्याबद्दलही माझ्यावर रागवा.

टाचणी


८ एप्रिल

टाचणी,

सही झाली असेल एव्हाना.

तू मला सल्ला विचारत होतीस की माझी परीक्षा घेत होतीस? आधी सांगितलं असतंस तर मी तुझ्या साहेबांकडे स्वतः येऊन बसले असते. तुझ्या आईच्या वहीतल्या रेघा मला ऐकवल्यास, आणि स्वतः दीड महिना एक रेघ झाकून बसलीस. हे पत्र मी चार दिवस टाकलं नाही. आता राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो.

ते निवेदन तुझ्या काकांचं आहे, आणि त्यात खोटं काही नाही. त्या वर्षी त्यांनी खरं लिहिलं, कारण त्या वर्षी खरं परवडत होतं. पुढच्या वर्षी ते गेले. मग दर वर्षी मी विक्री लिहीत गेले, कारण विक्री लिहिलं की कोणी काही विचारत नव्हतं. तुला खोटं लिहायला सांगताना मला पक्कं माहीत होतं, की माझं खरं इकडे एका फाइलीत पडून आहे. वाटलं होतं, पाच वर्षांची धूळ बसलीय, कोण झटकणार. ते झटकायला टपालाचे दोन पैसेही लागले नाहीत.

सुस्काऱ्यांना परवा म्हटलं, आता इकडेही सगळ्या वर्षांचं तेच लिहा, जे ती मुलगी तिकडे लिहिते आहे. निदान दोन्ही टोकं एक बोलतील. त्यांनी या खेपेला सुस्कारा टाकला नाही. पेन उघडलं. त्यामुळे मीच घाबरले.

माणसांना अजून काही सांगितलेलं नाही. पण त्यांना कळतं. सकाळी मी दारातून आत गेले की हल्ली बोलणी थांबतात.

तुला लिहायला उशीर झाला, तो रागामुळे. एवढंच खरं समज.

काकू


१९ जून

काकू,

निकाल आला. सगळा आदेश वेगळ्या टपालाने पाठवला आहे, इथे थोडक्यात लिहिते.

दोन्ही कार्यालयांनी तो एकत्र धंदा धरला आहे. आमच्या शेडमधल्या कामापुरता, तुमच्या वाट्यावरचा चार वर्षांचा कर तुम्हाला इथे भरावा लागेल. पण जेवढा इथे भराल, तेवढा तुमच्या देशात तुम्ही आधी भरलेल्यातून परत मिळेल. दोन्हीकडे एकच लिहिलेलं असल्यामुळे हे जमलं, असं साहेब म्हणाले. दोन दारांची भीती होती ती राहिली नाही. व्याज मात्र भरावं लागेल, ते कुठूनच परत येत नाही. ते भरायला तुम्ही जुनी तीन यंत्रं मोडीत काढता आहात, असं फिटरकडून कळलं. आमच्यावर दंड बसला, मागाहून लिहिलेल्या किमतींचा. ते आकडे माझ्या हातचे. बाबांनी रोलर घासायचं मोठं रबर-लेथ विकायला काढलं. गिऱ्हाईक बघायला आलं, तेव्हा ते शेजारच्या खोलीत जाऊन बसले.

पुढचं साहेबांनी समजावून सांगितलं. रस्ते दोन आहेत. एक, रीतसर करार करायचा, एकत्र धंद्याची दोन्ही देशांत नोंद करायची, दर वर्षी दोन्हीकडे तपासून घ्यायचं. त्याची फी मी काढली. मध्यम वर्षात आपल्याला जे उरतं, त्याहून ती जास्त आहे. दुसरा, वेगवेगळं राहायचं. तुमची माणसं तुमच्याकडे, आमची आमच्याकडे. यंत्र घ्यायचं ते तुम्ही एकट्यांनी. रोलर हवा असेल तर आधी भाव ठरवून विकत घ्यायचा. आणि भाव असा, की जो दोन अनोळखी माणसांत ठरला असता. आपला व्यवहार ते पुढची तीन वर्षं पाहणार आहेत. आपण अनोळखी आहोत हे कागदोपत्री दिसायला हवं.

बाबांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग अनोळखी होऊ.” आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

मंगळवारी तुमचे दोघे निघाले. हत्यारं मोजून घेतली, शेड झाडून दिली. धाकटा हत्यारांची पेटी उचलून थेट बाहेर गेला. मोठा म्हणाला, ताई, अकराच्या अकरा कामावर राहणार आहोत, बाईसाहेबांनी सांगितलंय, पगार मात्र जरा उतरेल. मी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं असावं, की मला ते ऐकायचं आहे. ऐकायचं होतंच.

टाचणी


२ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक,
विषय: सहा रोलरसाठी दर मिळणेबाबत

महोदया,

आमच्या कंपनीने एक दोनरंगी छपाईयंत्र खरेदी केले आहे. त्यासाठी सोबतच्या मापाचे सहा रोलर हवे आहेत. आपला मागील महिन्यातील दर आम्हाला जास्त वाटतो. दुसऱ्या एका कंपनीने तेच रोलर एक-दशांश कमी दराने देऊ केले आहेत. आपण तेवढी सूट देणार असल्यास मागणी नक्की करू. कळावे.

आपली,
संचालक


१२ ऑगस्ट

प्रति,
संचालक,
विषय: आपले दिनांक २ ऑगस्टचे पत्र

महोदया,

आपल्या पत्राबद्दल आभार. कळवलेला दर हाच आमचा सर्व ग्राहकांसाठीचा दर आहे. त्यात सूट देता येणार नाही. मागणी नक्की केल्यास निम्मी रक्कम आगाऊ भरावी. रोलर तीन आठवड्यांत रवाना होतील.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक


१२ ऑगस्ट, वेगळा कागद

काकू,

वरचं पत्र फाइलला लागणार आहे, म्हणून हे निराळं लिहिते. साहेबांना मी विचारून घेतलं, की घरगुती पत्र फाइलमध्ये ठेवावं लागतं का. म्हणाले, त्यात भाव ठरत नसेल तर नाही. तेव्हा यात भावाचं काही नाही.

तुमचं पत्र बाबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, बाई घासाघीस चांगली करतात, एकोणीस वर्षांत कळलं नाही, कारण कधी करावीच लागली नाही. नंतर म्हणाले, दिली असतीस सूट तर काय झालं असतं. त्या दुसऱ्या कंपनीचा भाव खरोखर तसा आहे की नाही, हे मी तुम्हाला विचारणार नाही. अनोळखी माणसाला विचारलं नसतं.

दुखतो आहे का अजून, डावा कान? मोठा फिटर निघताना सांगत होता, की हल्ली तुम्ही उजव्या बाजूलाच माणसं बसवता. दाखवून घ्या. इतक्या लांबून मला एवढंच सांगता येतं.

सूट नाकारून मला बरं वाटलं नाही. दर टाइप करून झाल्यावर कितीतरी वेळ ते पत्र तसंच समोर ठेवून बसले होते. आकडा बदलायला एक मिनिट लागलं असतं. पण बदलला असता, तर कधीतरी साहेबांनी विचारलं असतं, की सगळ्यांना एक दर आणि या एका कंपनीला कमी, तो का? आणि मला त्याचं खरं उत्तर लिहून सही करावी लागली असती.